गणपतीखाली अडकलेली चाकं

गाडीच्या चाकांवर काहीतरी लिहा, असा या अंकासाठी फोन आला तेव्हा मी पडवीत बसून एका चाकाचा गंज खरवडत होतो. फोन ठेवला आणि आमच्या हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्यांना दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं." नलूचं कौतुक हे असं असतं. तरी संध्याकाळी तिनेच टेबल पुसून दिलं आणि वर बजावलं, "माझं नाव आलं तर चांगलं यायला हवं." ते काही माझ्या हातात नाही. जे घडलं ते घडलं.

मी जन्मभर रत्नागिरीतल्या एका गॅरेजमध्ये रंगारी होतो. टेम्पो, ट्रक, रिक्षा, मासळीच्या गाड्या, एकदा तर एका पुढाऱ्याची तिजोरीसुद्धा रंगवली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरी बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो. गाडीचा टप रंगवायला स्टुलावर चढावं लागतं, दरवाजा रंगवायला ओणवं व्हावं लागतं. चाक मात्र बसून रंगवता येतं. पडवीच्या वाशाला हूक लावायचा, चाक टांगायचं, समोर बसायचं आणि फिरवत फिरवत रंग मारायचा. गॅरेजच्या मालकाने जुना कॉम्प्रेसर स्वस्तात दिला, कारण तो चालू झाला की म्हशीसारखा हंबरतो. त्याच्या आवाजाने आमच्या वाडीत कोणाला दुपारची झोप मिळत नाही, पण चाकं चकचकीत मिळतात.

आमच्याकडे चाकं रंगवायला गिऱ्हाईक का मिळतं, हे समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना सांगायला हवं. इथली हवा खारट. वाळूवर गाडी नेली, लाटेत उभी करून फोटो काढले आणि तशीच घरी आणली, की वर्षभरात चाकाला गंजाच्या पुळ्या उठतात. त्यावर आमची लाल माती बसते. मग मालक म्हणतो, गाडी नवीन आहे हो, चाकंच तेवढी आजोबांची वाटतात.

घरी चाक रंगवणं अवघड नाही. मोबाईलवर बघून कोणीही करू शकतो, आणि करतातही. पण ते टिकत नाही. टिकण्याची गंमत रंगात नसून रंगाच्या आधीच्या मेहनतीत असते. टायर उतरवायचा. चाक साबणाने धुवायचं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज मुळापासून काढायचा, अगदी कोपऱ्यातलासुद्धा. थिनरने पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की तिथला रंग पापडासारखा सुटतो. मग अस्तराचा प्रायमर, मग रंग, मग वरून चकाकीचं लॅकर. प्रत्येक हात पातळ. एकदाच जाड थापला तर तो ओघळतो आणि चाक रडल्यासारखं दिसतं. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे सुकला असं नाही. वरून तासाभरात सुकतो, आतून घट्ट व्हायला आठवडा लागतो. तोवर त्याला काही टेकवायचं नाही, काही बांधायचं नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावून विसरतं.

दापोलीकडच्या मुरुडचा एक हॉटेलवाला होता. त्याने हौसेने घरीच चाकं रंगवली. भिंतीचा ऑईलपेंट, चार इंची ब्रश. चाक गाडीवरून काढायचा कंटाळा केला म्हणून नटांसकट रंगवलं, आणि ते इतकं जाड की पुढे पंक्चर झालं तेव्हा नटावर पाना बसेना. गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. मी छिन्नीने नटांवरचा रंग फोडत होतो आणि तो शेजारी उभा राहून सांगत होता, "रंग मात्र टिकला की नाही?" टिकला होता. नाही कोण म्हणतो?

दुसऱ्या एका बाईंनी चाकं रंगवून खळ्यात, म्हणजे अंगणात, आमसुलांच्या शेजारी वाळत घातली. त्यांची कोंबडी एका चाकावरून शांतपणे चालत गेली. पावलं अशी सुबक उमटली की ठसेवाल्याला जमणार नाहीत. बाई चाक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे पुसू नका, वरून नुसतं लॅकर मारा. पावलं आत येणारी आहेत, शुभ आहेत." मी म्हटलं, "वहिनी, हे फिरणारं चाक आहे. अर्ध्या वेळेला पावलं बाहेरच जाणार." त्या विचारात पडल्या. शेवटी लॅकरच मारलं.

पण मला आज सांगायचंय ते आमच्या व्याह्यांच्या चाकांबद्दल.

व्याही म्हणजे आमच्या प्राजूचे सासरे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हेदवीचे. लोट्याच्या एका कारखान्याच्या बसवर त्यांनी ड्रायव्हर म्हणून सबंध नोकरी काढली. माणूस सोन्यासारखा, आवाज खणखणीत, भजनाला बसले तर पखवाजवाल्याला घाम फोडतील. एकच खोड. मनाविरुद्ध काही झालं की "मी जातंव" म्हणायचं आणि गाडीत बसून चालू लागायचं. वाद नाही, भांडण नाही. किल्ली फिरवली की अण्णा गेले. भाच्याच्या मुंजीतून गेले, मेव्हण्याच्या वास्तुशांतीतून गेले, एकदा तर स्वतःच्या सत्काराला नारळ लहान निघाला म्हणून तिथूनही गेले.

आणि प्राजूच्या लग्नातून गेले. वऱ्हाड दारात आलं, मी पुढे होऊन त्यांच्या गाडीचा दरवाजा उघडला. जन्मभराची सवय, नजर आधी खाली गेली. मी म्हटलं, "अण्णा, गाडी झकास ठेवलीय. चाकं तेवढी गंजलीत." एवढंच. गंजलेली होती, यात माझ्या पदरचं काही नाही. अण्णांनी अक्षता पडेपर्यंत कसाबसा धीर धरला आणि पंगत बसायच्या आत गाडी काढून गेले. नवरामुलगा, त्यांची बायको आणि अर्धं वऱ्हाड मागे राहिलं.

तेव्हापासून चार वर्षं त्यांनी आमच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि आम्हीही हेदवीला गेलो नव्हतो. प्राजू आणि जावई लोट्याला राहतात. जावई शिफ्टमध्ये, तो कशातच नाही. कुचंबणा व्हायची ती प्राजूची. सणाला सासरी गेली की आमच्याबद्दल बोलायचं नाही, माहेरी आली की हेदवीचा विषय काढायचा नाही. एकदा ती नलूला म्हणाली होती, "आई, मला दोन घरं आहेत, पण एका वेळी एकच मिळतं." नलूने ते मला सांगितलं आणि त्या दिवशी मी एकाच जागी रंग जाड थापला. चाकावर ओघळ आला.

यंदा गणपतीच्या आधी नवल घडलं. हेदवीला त्यांचा गणपती थोरल्या भावाकडे असतो. तिथे मखर कुठल्या भिंतीला लावायचं यावरून अण्णांचं बिनसलं आणि ते "मी जातंव" म्हणून निघाले. या वेळी बायको पण बरोबर होती, कारण ती चुकून आधीच गाडीत बसली होती. आता सणासुदीला जायचं कुठे? प्राजू आमच्याकडे आली होती. फेरीबोटीने खाडी ओलांडून अण्णा थेट आमच्या दारात.

मी पडवीत होतो. गाडी थांबली. अण्णा उतरले, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "चाकं बघा."

या दोन शब्दांत अण्णांनी माफी मागितली की मला मागायला लावली, हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "बघतो." आतून प्राजू धावत आली आणि दोघांच्या मध्ये अशी उभी राहिली की जणू दोन बैल सोडलेत.

"चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार मी," अण्णा म्हणाले. "त्या आत द्या."

दिवस थोडे होते आणि हवा पावसाची, पण नाही म्हणायची ही वेळ नव्हती. मी ठरवलं, जीव ओतून काम करायचं. ही चाकं रंगली की चार वर्षांचा गंज निघाला. गाडी चार चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडांवर, चढवली. टायर पंक्चरवाल्याकडे उतरवून घेतले. चाकं अशी घासली की आतलं लोखंड लाजलं. प्रायमर मारला, रुपेरी रंगाचे पातळ हात मारले. पंक्चरवाल्याला सांगून ठेवलं की चवथीच्या दिवशी संध्याकाळी येऊन टायर चढव. आदल्या संध्याकाळी शेवटचं लॅकर मारलं. पण बाहेर हवा इतकी ओली होती की लॅकरवर पांढरा धूसरपणा येईल अशी भीती वाटायला लागली. सबंध घरात कोरडी जागा एकच होती. माजघर. तिथे गणपतीच्या सजावटीचे मोठे दिवे लावलेले होते, उबदार होतं. मी चारही चाकं तिथे भिंतीला उभी केली आणि नलूला बजावलं, "याला कोणी हात लावायचा नाही." तिने मान डोलावली.

चवथीला पहाटे मी आणि अण्णा मूर्ती आणायला मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, गेलो. शाळा गावातच, पण त्या दिवशी तिथे जत्रा असते. इकडे घरी काय घडलं ते मला नंतर कळलं.

यंदा नलूला रथाची सजावट करायची होती. शेजारच्या विठू सुताराने लाकडी पाट आणि खाली आरपार जाणारे दोन मजबूत बांबू असा रथ तयार केला होता. चाकं तेवढी राहिली होती. "उद्या देतंव, वैनी" असं तो आठवडाभर सांगत होता. चवथीला सकाळी तो रिकाम्या हाताने आला आणि माजघरात बघतो तर चार नवी कोरी रुपेरी चाकं.

"वैनी, ही चाकं हायत की!"

"ती व्याह्यांची आहेत."

"मग घरातलीच झाली."

या युक्तिवादापुढे नलूचं काही चाललं नाही. नंतर मला ती म्हणाली, "तुम्ही हात लावू नका म्हणालात. मी हात लावलाच नाही, विठूने लावला." विठूने बांबूला गोणपाट गुंडाळलं, चाकांच्या मधल्या भोकांतून बांबू घट्ट ठोकले आणि वर पाट चढवला. चाकं फिरू नयेत म्हणून नलूने माझ्या आईच्या जुन्या इरकली लुगड्याचे काठ फाडून चाकांच्या तोंडावरून आडवे-उभे आवळून बांधले. वर झेंडूच्या माळा, खाली झालर. रथ असा झाला की वाडीतल्या बायका बघायला आल्या, आणि रथ आहे तर चाकांची पूजा नको का, म्हणून प्रत्येकीने चाकांना हळदकुंकवाची बोटंही लावली.

आम्ही मूर्ती घेऊन आलो. गुरुजी खोळंबले होते, त्यांना पुढे आणखी घरं होती. औक्षण झालं, मूर्ती रथावर बसली, प्राणप्रतिष्ठा झाली. मी सोवळ्यात, चष्मा काढून ठेवलेला. सगळं रुपेरी आणि झेंडूचं दिसत होतं. मला वाटलं, विठूने कागद छान चिकटवलाय. पूजा आटोपून मी साष्टांग नमस्कार घातला आणि नाकासमोर हवा भरायच्या नळीचं भोक.

मी तसाच पडून राहिलो. वाडीतल्या मुलांना वाटलं आजोबा भक्तीत बुडाले. शेवटी प्राजूने मला उठवलं. मी तिच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

गुरुजींना दारात गाठलं. ते एका पायात चप्पल घालून उभे. "उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नाही," ते म्हणाले.

"मूर्ती नाही हलवत. चाकं काढून घेतो फक्त."

"चाकं काढली तर पाट खाली येईल. पाट खाली आला तर मूर्ती हलली." त्यांनी दुसरी चप्पल घातली. "आणि गणपती गौरीबरोबर जाणारा ना तुमचा? मग तोवर थांबा. देव बसलाय, गाडी कुठे पळून जात नाही."

गाडी पळून जात नव्हती हे तर दिसतच होतं. ती चिऱ्यांवर होती.

संध्याकाळी पंक्चरवाला आला, रथ बघितला, नमस्कार केला, मोदक खाल्ला आणि गेला. अण्णांना सांगायचं काम माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पँट-शर्ट घालून, पिशवी घेऊन बाहेर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी माजघरात जाऊन, वाकून, झालर वर करून एकेक चाक बघितलं. मग बाहेर आले. प्राजू दाराआड उभी होती. तिने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

"मी जातंव," अण्णा म्हणाले.

आणि गेले. खळं ओलांडलं, गाडीचा दरवाजा उघडला, वर चढून ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दरवाजा आपटला आणि काच वर केली. गाडी जागची हलणं शक्य नव्हतं. पण अण्णा निघालेले होते.

रिक्षा करून देऊ का, असं मी काचेवर टकटक करून विचारलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत अण्णा बसत नाहीत. विहीणबाईंनी तर ओसरीवरूनच सांगून टाकलं, "तुमी जावा पुढं. मी विसर्जन करून येतंव." आणि त्या नलूबरोबर गौरीपुढे ठेवायची ओवशाची सुपं भरायला गेल्या.

दर्शनाला येणारे लोक आधी गणपतीला नमस्कार करायचे, मग गाडीशी जाऊन अण्णांना. कोणी विचारलं, "काय अण्णा, निघालात?" की अण्णा काच खाली करून म्हणायचे, "निघालोच." पुन्हा काच वर. नलूने चहा गाडीत पाठवला. मग पोहे गाडीत पाठवले. पाऊस आला तेव्हा अण्णांनी वायपर लावला, एवढं मात्र मला कौतुकाचं वाटलं.

संध्याकाळी आरतीला बसलो. आमच्या घरी आरती म्हणजे जो तो आपापल्या चालीत, आणि मी टाळ वाजवतो तो कोणाच्याच चालीत नसतो. दुसऱ्या कडव्यावर बाहेरून हॉर्न वाजला. आम्ही थांबलो. परत सुरू केलं, परत त्याच जागी हॉर्न.

"ताल चुकतोय," विहीणबाई म्हणाल्या. "ह्येंना सोसत नाय."

मी टाळ जरा जपून वाजवायला लागलो. हॉर्न आला नाही. पुढच्या आरतीला मात्र बाहेरून खणखणीत आवाज लागला. गाडीची काच खाली होती. आतले आम्ही गप्प झालो आणि अण्णा एकटेच म्हणत राहिले. तिसऱ्या आरतीला ते दारात उभे होते आणि चौथ्याला माझ्या हातातले टाळ त्यांच्या हातात. त्या रात्री ते आत जेवले.

म्हणजे प्रश्न सुटला असं कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक संपल्यावर तळणीचे आले, अण्णा गाडीत. बायकांच्या फुगड्या चालू असताना त्यांची बातम्यांची वेळ टळली, अण्णा गाडीत. नलूने शेवटी एक उशी आणि हातपंखा गाडीतच ठेवून दिला. घरात कोणी विचारलं, अण्णा कुठे, की प्राजूने म्हणायचं, "गावाला गेलेत. जेवायला येतील."

एका दुपारी ते असेच गेलेले असताना मी मनाशी म्हटलं, आपणही जाऊन बघावं. दुसऱ्या बाजूचा दरवाजा उघडून शेजारी बसलो. गाडी चिऱ्यांवर असल्याने जरा उंचावरून सगळं दिसत होतं. आमची पडवी, हूकला टांगलेली दोन गिऱ्हाइकांची चाकं, खळ्यात दोघी विहिणी सुपात काहीतरी पाखडताहेत आणि प्राजू मध्ये बसून हसतेय.

"भाऊ," अण्णा समोर बघत म्हणाले, "लग्नातून गेलो ना मी, तो फार लांब नव्हतो गेलो."

"कुठवर गेला होतात?"

"निवळीच्या नाक्यावर गाडी लावून बसलो. भूक लागली होती. म्हटलं कोणीतरी येईल बोलवायला."

"आम्हाला वाटलं, तुम्ही हेदवीला पोचलात."

"कोणी येत नाय कधी," ते म्हणाले. "गाडी दिसेनाशी झाली की लोकांना वाटतं गेला हा. बसलेला असतो मी पुढच्या वळणावर."

फार वाईट वाटलं. एवढ्या मुंजी, वास्तुशांती आणि सत्कार, आणि प्रत्येक ठिकाणच्या पुढच्या वळणावर हा माणूस काच वर करून, उपाशी, वाट बघत बसलेला. मी म्हटलं, "अण्णा, चुकलंच. यायला हवं होतं." मग राहवेना म्हणून पुढे म्हणालो, "पण चाकं गंजलेली होती."

"व्हती," अण्णा म्हणाले. आणि पहिल्यांदा हसले.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाचा दिवस आला. अण्णांच्या आवाजामुळे आमची मिरवणूक वाडीत पहिली ठरली. नदीवरून परत आलो तेव्हा ठरल्याप्रमाणे पंक्चरवाला टायर घेऊन दारात हजर. अण्णांनी कपडे बदलले, पिशवी बाहेर आणून ठेवली, किल्ली हातात घेतली. प्राजूही त्यांच्याबरोबरच निघणार होती, ते तिला लोट्याला सोडून पुढे जाणार होते. मी आणि विठूने पाट उचलला, बांबू काढले, चाकं उजेडात आणली आणि लुगड्याचे काठ सोडले.

सोडले आणि मी चष्मा पुसून परत बघितलं.

लॅकर वरून सुकलं होतं, आतून ओलं होतं, आणि त्यावर आवळलेले काठ सहा दिवस तसेच. चारही चाकांच्या तोंडावर इरकली काठाची नक्षी उठली होती. रुईची फुलं, बारीक चौकटी, कडेची रेघ. मधे मधे हळदकुंकवाची बोटं, कायमची. काम इतकं सफाईदार की मला स्वतःला सात जन्मांत जमलं नसतं. आईचं लुगडं अण्णांच्या गाडीला नेसवल्यासारखं दिसत होतं.

विठू हळूच कुंपणापलीकडे गेला. नलूने पदर तोंडाला लावला. प्राजू अण्णांकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती काय मागत होती ते मला कळत होतं. अण्णा आता रागाने गेले तर या वेळी चाकं आहेत. आज गेले की खरोखर जातील, आणि पुन्हा तिला एका वेळी एकच घर.

मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "अण्णा," मी म्हटलं, "रंग बिघडलाय. असेच टायर चढवले तर गाडी चालेल, तासाभरात निघाल. पण हे टिकणार नाही. नक्षीच्या फटीत पाणी बसेल, मीठ बसेल, पुढच्या वर्षी परत गंज. नीट करायचं तर सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागेल."

अण्णांनी चाक उचललं. उन्हात धरलं. नक्षीवरून अंगठा फिरवला. मग हातातल्या किल्लीकडे बघितलं आणि रस्त्याकडे बघितलं.

"नीट करायला किती दिवस?"

"पंधरा."

अण्णा पंक्चरवाल्याकडे वळले. "तू जा रं," त्याला म्हणाले. मग ओसरीवर आले, किल्ली कोनाड्यात ठेवली, शर्ट काढून खुंटीला लावला आणि आत ओरडून विचारलं, "वैनी, आता गौरी गेल्या. मासळी कधी आणताय?"

आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. बहुतेक नलूच्या हातून.

मी चाकं उचलून पडवीत नेली आणि स्टुलावर टेकलो. प्राजू मागोमाग आली. पॉलिश पेपरचा गठ्ठा तिने माझ्या हातात दिला आणि ओसरीकडे बघत हळूच विचारलं, "बाबा, खरंच पंधरा दिवस लागतात?"

"आठ पुरतात," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातला गठ्ठा परत काढून घेतला, त्यातला एकच कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि बाकीचे आपल्या पदराखाली घेतले.

"मग हळू घासा," ती म्हणाली.